हॅलिफॅक्स: सॅकव्हिलच्या मागच्या डेकवर

धुकं इतकं दाट होतं की कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या धक्क्यावरचं ते जहाज अगदी जवळ गेल्यावरच दिसलं. कॅनडाच्या नौदलाची एचएमसीएस सॅकव्हिल. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांच्या ताफ्यांना अटलांटिकपार सोबत करणाऱ्या फ्लॉवर वर्गातल्या कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या युद्धनौकांपैकी आता जगात उरलेली ही एकच. तोफ आणि झोपायच्या जागा भराभर पाहून मागच्या डेकवर आलो, आणि तिथेच तासभर रेंगाळलो.

समोरून उंच दिसणारं जहाज मागे एवढं खाली उतरतं की वाकलं तर पाणी हाताला लागेलसं वाटतं. या नौकांचा आराखडा देवमासे पकडणाऱ्या बोटीवरून घेतलेला. तुफानात टिकायच्या, पण डोलायच्या भयंकर. त्या डोलण्यात, अंगावर लाटा घेत, पोरं इथे उभी राहायची.

कडेपर्यंत उतरते रूळ आणि त्यांवर डेप्थ चार्जची, म्हणजे पाणबुड्यांवर टाकायच्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बची पिंपं. एकेक 190 किलोंच्या आसपास. रुळावर हात ठेवला, तर रंगाच्या थरांखाली गंजाचे फोड लागले. पिंपाच्या तोंडाशी किल्लीने खोली ठरवायची. तेवढं बुडाल्यावर पाण्याच्या दाबानेच स्फोट. खोली 15 मीटर ठेवली तर हाती सहा-सात सेकंद. जहाजाचा वेग जेमतेम 16 नॉट, म्हणजे तेवढ्या वेळात फार तर पन्नासेक मीटर दूर. आपल्याच स्फोटाने आपलीच पिछाडी हादरायची.

ऑगस्ट 1942 मध्ये, असल्याच धुक्यात, सुमारे एका दिवसात सॅकव्हिलची तीन जर्मन पाणबुड्यांशी गाठ पडली. दोन जायबंदी होऊन निसटल्या.

मला मात्र ती किल्ली विसरता येत नाही. जहाज बुडायला लागलं की कुणीतरी मागे धावत येऊन प्रत्येक पिंप 'सेफ'वर करायचं. राहिलं तर बुडत्या जहाजाबरोबर ते खाली जाऊन फुटणार, आणि वर पोहत असायचे आपलेच सोबती. 'मराठा' नावाची ब्रिटिश विनाशिका अशीच ताफ्याची राखण करताना फेब्रुवारी 1944 मध्ये आर्क्टिकच्या पाण्यात बुडाली; फार थोडे वाचले. ते नाव इथे आठवलं आणि घसा दाटून आला.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सॅकव्हिल बंदराबाहेर नेऊन जुन्या नौसैनिकांच्या अस्थी समुद्रात सोडण्याची प्रथा होती. मी रुळावरचा हात काढला, तेव्हा तळव्याला ओला, लालसर गंज लागला होता. तो तसाच घेऊन धक्क्यावर उतरलो.