डिसेंबरात गळणारा पत्रा

दिवाळी होऊन महिना उलटला होता. पाऊस कधीच गेलेला, रंकाळ्यावर सकाळचं धुकं बसायला लागलेलं, आणि सरांचा फोन: "गाढवा, पत्रा अजून गळतोय. येऊन बघ."

सर म्हणजे मला शाळेत विज्ञान शिकवलेले सर. माझं वय आता चाळीस, धंदा पत्रा-शेड आणि फॉल सिलिंगचा, पण त्यांच्या लेखी मी अजून मागच्या बाकावरच.

घर कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत. दोन-दोन फुटी दगडी भिंती, वर खोली आणि त्यावर माळा. बऱ्याच वर्षांपूर्वी मंगळुरी कौलं उतरवून त्यांनी कलरचा पत्रा घातला. कौलं अजून परसात रचून ठेवलीत, काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा १८६५ चा छाप आहे. सर ती विकत नाहीत, कुणाला देतही नाहीत. पत्रा आल्यापासून वरची खोली एप्रिल-मेमध्ये भट्टी. एसी बसवला तर खोली गार होऊन तो कट व्हायचं नाव नाही, रात्रभर चालूच.

ग्लासवूलची, म्हणजे उष्णता अडवायला अंथरतात त्या काचेच्या लोकरीची, कल्पना त्यांच्या मुलाची. तो इंग्लंडात असतो. तिकडं माळ्याच्या जमिनीवर २७० मिमी जाडीची लोकर अंथरायला सांगतात, कारण घराची बरीच ऊब छतातून निसटते. त्यानं व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर धाडलेला. सरांनी पहिल्या चार ओळी मला वाचून दाखवल्या. मी म्हटलं, "सर, त्यांना ऊब आत धरायची असते, आपल्याला ऊन बाहेर अडवायचंय. शंभर बास." गेल्या मेमध्ये वरची खोली आणि तिच्या शेजारची न्हाणी, दोन्हींना फॉल सिलिंग करून वर ५० मिमीचे दोन थर टाकले. उरलेले तुकडे वाया कशाला घालवायचे, म्हणून वळचणीच्या फटीत कोंबले. पारवे बंद, उंदीर बंद. काकू खूश. एसी तासाभरात कट व्हायला लागला, तर सर शेजाऱ्यांना वर बोलावून तो आवाज ऐकवायचे.

जुलैत वास सुरू झाला. ओल्या गोणपाटाचा.

मी पत्र्यावर चढलो. एकेक स्क्रू तपासला, वायसर बदलले, सिलिकॉन मारलं. वास तसाच. ऑगस्टमध्ये आढ्यावरचा पत्रा उचलून पुन्हा बसवला. ऑक्टोबरात पन्हळ बदलली. पाऊस गेला आणि मी सुटलो असं वाटलं, तर डिसेंबरात सिलिंगवर चहा सांडल्यासारखा डाग. आभाळात ढग नाही आणि छत गळतंय! काकूंनी मला ऑगस्टमध्येच सांगितलं होतं, "थेंब सकाळचंच पडत्यात बघ. दुपारी न्हाईत." मी तेव्हा मान हलवली आणि सिलिकॉनची नळी उचलली. गिऱ्हाइकाचं ऐकायचं नाही ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

या वेळी पहाटे पाचला गेलो. टॉर्च, आर्द्रतेचं मीटर आणि तापमानाची बंदूक घेऊन माळ्यात शिरलो. ग्लासवूल अंगाला लागून खाज सुटलेली, वाकून मान अवघडलेली. पत्रा खालून नुसता दमट होता, थेंब नव्हते. साडेपाचला खाली पहिली बादली वाजली. त्या घरात सहा माणसं, आणि सगळ्यांना कडकडीत पाणी लागतं.

दोन मिनिटांत कोपऱ्यातल्या एका पाइपातून वाफ यायला लागली. टॉर्चच्या उजेडात ती लोकरीवर पसरली, मग वासे चढून वर गेली. तिसऱ्या माणसाच्या आंघोळीपर्यंत पत्र्यावर मोहरीएवढे थेंब. पाचव्याच्या वेळी ते एकमेकांत मिसळून नागमोडी पत्र्यावरून घरंगळायला लागले आणि रिपेला अडून टप-टप लोकरीत. मी तिथंच मांडी घालून बसलो. तो पाइप मीच सोडला होता. न्हाणीचा एक्झॉस्ट बाहेर काढायचा तर दोन फुटी दगडात भोक पाडावं लागणार, खर्च वाढणार. मीच हाताखालच्या पोराला म्हटलं होतं, "राहू दे वर, एवढ्या माळ्यात मावतीय वाफ."

पत्र्यावर काळी टेप चिकटवून बंदूक धरली. उघड्या चकचकीत पत्र्यावर ती थापा मारते, म्हणून टेप. १२ अंश. माळ्यातली हवा १८, आर्द्रता नव्वदच्या वर.

सर शिडीवरून डोकं वर काढून बघत होते. आकडे सांगितले. ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "दवबिंदू सोळाच्या पुढं असणार, त्याहून गार जागी वाफेचं पाणी होतं. आणि पत्रा बारा. तुला नववीत शिकवलं होतं ना रे हे?"

"शिकवलं होतं सर. पण जुलैपासून तुम्हीबी माझ्यासंगं भोकंच शोधत होता की."

काकू खालून हसल्या.

मग कोडं सगळंच सुटलं. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आभाळाकडं सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. दारातल्या गाडीची सीट पहाटे ओली मिळते, तसंच. पूर्वी खोलीची ऊब वर झिरपायची, पत्रा थोडा तरी कोमट राहायचा. आता लोकर ती खालीच अडवते, म्हणजे माळा आणखी गार. आणि जी काही वाफ येईल ती बाहेर जायला वळचणीची फट होती, ती मी बुजवलेली. कौलांच्या काळात हा प्रश्नच नव्हता. दोन कौलांच्या मधून वारा फिरायचा.

न्हाणीवरची लोकर पिळून पाणी निघालं. लोकरीत अडकलेल्या हवेवरच सगळं चालतं. त्या जागी पाणी भरलं की ती गोधडी नाही, ओलं फडकं. दबून बसलेली वाळवली तरी फुगत नाही. निम्मी फेकली. भिंतीलगतच्या दोन वाशांना पांढरी बुरशी धरलेली, पण खिळा आत जात नव्हता, लाकूड वाचलं.

दगडाला भोक पाडून पाइप बाहेर काढला. वळचणीच्या फटी मोकळ्या करून बारीक जाळी लावली, पारव्यांसाठी. लोकरीखाली दडपलेले एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे दिव्यांना वीज देणारे डबे, उचलून वर घेतले. ते खरं तर मे महिन्यातच करायला हवं होतं, गुदमरून तापतात. आढ्यावर वाऱ्यानं फिरून आतली हवा बाहेर ओढणारा गोळा बसवला, शिरोली एमआयडीसीतल्या शेडवर असतो तसला. तो वर चढताना बघून समोरचे आबा ओरडले, "सर, फौंड्री काढलीसा की काय?"

मजुरी मी घेतली नाही. सामानाचे सरांनी दिले, नको म्हटलं तरी. निघताना त्यांनी मोबाइल काढून मुलाचा तो मजकूर शेवटपर्यंत वाचला, मोठ्यानं, वर्गात वाचतात तसा. शेवटून तिसरी ओळ होती: वळचणीला हवा खेळायला फट ठेवा, लोकर तिथं कोंबू नका. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी चपला घालत होतो.

जानेवारीच्या एका पहाटे सहालाच फोन वाजला. छातीत धस्स झालं.

"पत्रा कोरडा ठणठणीत हाय," काकू म्हणाल्या. "पण तुझा गोळा रात्रभर किरकिरतोय. सरांना झोप न्हाई. ऑइलची बाटली घेऊन ये."