बाईंचा पाच रकान्यांचा तक्ता

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आल्या त्या आपल्या इतिहासाच्या बाई. बाकीच्यांविषयी इतर लिहितीलच.

भूदेवता शिकवताना बाई फळ्यावर पाच रकाने आखत. काय देतात, कुठे, कधी, का, आणि देवतेचं नाव सगळ्यात शेवटी. नावापासून सुरुवात केली की धरती सगळीकडे माताच वाटू लागते आणि तिथेच घोटाळा होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. इजिप्तचा गेब पुरुष. जमीन होऊन तो खाली आडवा, त्याच्यावर कमानीसारखी वाकलेली नूत म्हणजे आकाश, आणि दोघांना दूर ठेवत हात वर करून मधे उभा हवेचा देव शू. भूकंप म्हणजे गेबचं हसणं. त्याच्याच शेजारी बाई न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचं, माओरींचं चित्र काढत. तिथे खाली धरणी पापातूआनूकू, वर आकाश रांगीनुई. त्यांच्या मुलाने, तानेने, पाठीवर पडून पायांनी बापाला वर रेटलं तेव्हा उजेड आला. मांडणी तीच, पण स्त्री-पुरुषांच्या जागा उलट. आमच्या वर्गात याहून चांगला तास कधी झाला नाही.

त्यांचा जीव मात्र 'कधी' आणि 'का' या रकान्यांत. रोममध्ये टेलस या भूदेवीला 15 एप्रिलला गाभण गाय देत. पोटातली वासरं जाळून त्यांची राख व्हेस्टा देवीच्या पुजारणी जपून ठेवत आणि 21 एप्रिलला पारिलियाच्या सणात ती गुरामेंढरांच्या शुद्धीसाठी वापरत. गाभणच का? तर त्या दिवसांत पेरलेलं बी जमिनीच्या पोटात असतं, म्हणून देवीला तिच्यासारखंच द्यायचं. दक्षिण अमेरिकेतल्या अंडीज पर्वतातली भूदेवी पाचामामा ऑगस्टमध्ये भुकेली असते. थंडी सरत आलेली, पेरणी तोंडावर, जमीन उघडी. म्हणून खड्डा खणून कोकाची पानं, शिजवलेलं अन्न, मक्याची चिचा म्हणजे आंबवलेलं पेय आत घालतात आणि खड्डा बुजवतात. आधी तिचा घास, मग माणसांचा.

लातूर-धाराशिवकडचा शेतातला सण येळवस बाई याच तक्त्यात बसवत. मार्गशीर्ष अमावास्या, रब्बीचं पीक उभं. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पाच पांडवांचे दगड, भज्जी, उंडे, आणि पूजेनंतर पिकावर शिंपडलेली आंबील. रोमची जमीन पोटुशी, अंडीजची उपाशी, आपली भरल्या अंगाची. म्हणून प्रत्येकीचं ताट वेगळं, आणि हा फरक नावांच्या यादीतून कधीच दिसत नाही.

ग्रीसची भूदेवी गैया हिला नुसती प्रेमळ आई म्हणणंही त्यांना पटत नसे. तिचा नवरा, आकाशदेव युरेनस याने मुलांना तिच्याच पोटात कोंडलं, तेव्हा बापावर चालवायला मुलाच्या, क्रोनसच्या हाती कोयता तिनेच दिला. डिमीटरला तर त्या या तक्त्यात घेतच नसत. ती धान्याची देवी, जमिनीची नव्हे.

इक्वेडोरने 2008 च्या राज्यघटनेत पाचामामाला हक्क दिले, तेव्हा बाईंची फार आठवण झाली. सहावा रकाना त्यांनी नक्की आखला असता.

आता स्पर्धा परीक्षांसाठी 'गैया : ग्रीस, टेलस : रोम' एवढंच पाठ करून घेतात. वाईट वाटतं. नव्या ग्रंथालयात बाईंचा तक्ता मोठा करून लावावा. आणि येळवशीची ओळ छापू नये. ती मुलांनी शेतात जाऊन, आजीला विचारून, स्वतः भरावी.