पत्रव्यवहारी बुद्धिबळ: ए३-बी४चा बंदिस्त डाव संपला

पत्रव्यवहारी बुद्धिबळात, म्हणजे दूर बसून एकेक चाल कळवत खेळायच्या प्रकारात, पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळलेला माझा एक बंदिस्त डाव अखेर संपला, त्यामुळे आता मोकळेपणाने लिहिता येईल. आयसीसीएफ या पत्रव्यवहारी बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धेत इंजिनाला, म्हणजे चाली सुचवणाऱ्या संगणक-प्रणालीला, मुभा असते, दहा चालींना पन्नास दिवस मिळतात आणि समोरच्याकडेही तेच स्टॉकफिश इंजिन असतं. मग माणसाने करायचं काय?

माझी प्यादी सी४, डी५, ई४ या घरांवर. काळ्याची सी५, डी६, ई५. मध्यभाग पूर्ण बंद. स्टॉकफिशची पहिली पसंती ए४, म्हणजे ए-पट्टीतलं प्यादं ए४ घरावर; त्याच्या मोजमापात पांढरा ०.८ने वरचढ. पण ए४ला काळा ए५ खेळतो आणि बी४ रेटण्याची संधी गेलीच. उरतं एफ४, तिथे काळा प्याद्याने मारून ई५ घर घोड्यासाठी मोकळं करून घेतो. मी इंजिनाला स्वतःशीच खेळवत हा मार्ग पुढे नेला. पंचवीस चालींनंतरही आकडा ०.८च! तो वाढणारच नसेल तर त्या फायद्याचं करायचं काय? ए३ खेळून बी४ची तयारी करणं आधी कमी दिसत होतं, पण खोलवर गेल्यावर आकडा चढू लागला. लीला हे दुसरं इंजिन तर सुरुवातीपासून ए३च म्हणत होतं. दोन इंजिनांचं जिथे पटत नाही, तिथेच संगणक रात्रभर चालवायचा, हे आता पक्कं.

माणूस आणि यंत्राच्या अशा जोडीचे प्रयोग जुने आहेत. १९९८ला स्पेनमधल्या लिओनमध्ये कास्पारोव्ह आणि टोपालोव्ह हे ग्रँडमास्टर संगणक शेजारी घेऊन खेळले आणि ३-३ अशी बरोबरी झाली. महिनाभर आधी, संगणकाविना, जलद डावांत कास्पारोव्हने टोपालोव्हलाच ४-० हरवलं होतं. डावपेचांतला फरक यंत्राने पुसला. २००५च्या फ्रीस्टाइल स्पर्धेत (जिथे संगणकाची मदत घ्यायला मुभा होती) मात्र स्टीव्हन क्रॅम्टन आणि झॅकरी स्टीफन या हौशी जोडीने साध्या संगणकांवर ग्रँडमास्टरांच्या संघांना मागे टाकलं. कुठल्या स्थितीत कोणत्या इंजिनावर भरवसा ठेवायचा, याचा अभ्यास त्यांनी केला होता. माझ्यासाठी तेच खरं शिक्षण.

निकाल? बरोबरी. बी-पट्टी उघडल्यावर प्रतिस्पर्ध्याने माझ्या घोड्यासाठी आपला हत्ती दिला आणि किल्ला, म्हणजे भेदता न येणारी बचावाची रचना, उभारला. स्टॉकफिश दोनच्या वर आकडा दाखवत राहिलं, पण आत शिरायला एकही वाट नव्हती. फार सुंदर बचाव. त्याला तसं लिहूनही कळवलं. त्या अदलाबदलीत माझ्याकडे काळ्या घरांचा उंट उरला असता तर किल्ला टिकला नसता, असं विश्लेषणात दिसतंय. पुढच्या स्पर्धेत हीच रचना, उंट राखून.