आमच्या शाळेतला १७ सप्टेंबर

मराठवाड्याबाहेरच्या मित्रांना सांगितलं की आमच्या शाळेत झेंडावंदन वर्षातून चार वेळा व्हायचं, तर ते बोटांवर मोजायला लागतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, आणि चौथं कुठलं? चौथं १७ सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं, आणि आम्हा नांदेडच्या पोरांना तेच सगळ्यात जवळचं वाटायचं.

तयारी आदल्या दुपारपासूनच. पोरं मैदानात फक्की मारायची आणि व्हरांड्यात तिरंग्याची मोठी रांगोळी. अशोकचक्र मात्र भूमितीचे सर स्वतः मांडी घालून आखायचे, २४ आरे म्हणजे दोन आऱ्यांमध्ये बरोबर १५ अंश, कुणी अंदाजाने रेघ ओढली की पुसून परत. आणि आखता आखता त्यांचं सांगणं चालू, की १९२१ ला बेजवाड्यात, म्हणजे आजच्या विजयवाड्यात, पिंगली वेंकय्यांनी गांधीजींना झेंडा दाखवला, त्यातून पुढे जो झाला त्यात पांढरा वर, मधे हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा. तेव्हा रंग धर्मांचे मानायचे, त्यावरून कुरबुरी झाल्या म्हणून १९३१ ला काँग्रेसने केशरी-पांढरा-हिरवा ठरवला आणि रंगांना धर्माशी जोडायचं नाही हे स्पष्ट सांगितलं, केशरी धैर्याचा नि त्यागाचा, पांढरा सत्याचा नि शांतीचा. मग २२ जुलै १९४७ ला घटना समितीने चरख्याऐवजी चक्र घेतलं. का? सर रुमालावर पेनने चरखा काढायचे आणि रुमाल उजेडात धरून मागून दाखवायचे, चरखा उलटा! चक्र दोन्ही बाजूंनी सारखंच. मला आजही तो निळ्या शाईचा रुमाल दिसतो.

सकाळी झेंडा वर गेला, पाकळ्या पडल्या की भाषण एकच, एका स्वातंत्र्यसैनिक आजोबांचं. १५ ऑगस्ट १९४७ ला देशभर तिरंगा लागला पण आपल्याकडे हैदराबादच्या निजामाचं राज्य, इथे तिरंगा लावणं म्हणजे गुन्हा, इथल्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांना त्याच दिवशी अटक झाली. आजोबा तेव्हा पोरगेलेसे, धोतराच्या घडीत झेंडा लपवून न्यायचे. पुढे तब्बल तेरा महिने असेच गेले, निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा जाच, माणसं घरदार सोडून सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत, आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला. हे सांगताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच जागी भरून यायचा, आणि सगळी शाळा चिडीचूप, पहिलीतली पोरंसुद्धा.

आणि झेंडा आमच्या गावचाच बरं का! देशात राष्ट्रध्वज बनवणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत त्यातली एक नांदेडची, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती. २०२१ च्या शेवटी नियम बदलला, आता पॉलिस्टरचा झेंडाही चालतो, ठीक आहे, घरोघरी लावायला सोयीचा. पण शाळेच्या खांबावर मला खादीचाच पाहिजे, आणि नांदेडच्या शाळांनी तरी तो बाहेरून का मागवावा, गावातच तर मिळतो.