दहा वर्षांच्या मुलासाठी समुद्र निवडताना

मुलगी १२ वर्षांची, मुलगा नुकता १० चा. आम्ही दोघं आधीपासून डायव्हिंग करतो. बेत असा की मुलांनी ज्युनिअर ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचं मुलांसाठीचं पहिलं प्रमाणपत्र) करायचा आणि मग चौघांनी एकत्र पाण्यात उतरायचं. मालवण, मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि अंदमानातलं हॅवलॉक (आता स्वराजद्वीप) ही तीन नावं समोर ठेवली. लक्षद्वीपचा परवाना आणि शाळेच्या सुट्ट्या यांचा मेळ बसवणं कठीण, म्हणून ते आधीच गळलं.

निवड खरं तर धाकट्याच्या वयानेच केली. पाडी (PADI) या डायव्हिंग शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा आहे, आणि सोबत सर्टिफाइड पालक किंवा प्रशिक्षक लागतोच. १२ ते १४ साठी मर्यादा १८ मीटर. मूल ८-९ वर्षांचं असेल तर नुसती ओळख करून देणारा ‘बबलमेकर’ कार्यक्रम, तोही २ मीटरपर्यंतच. चौघं एकत्र जाणार तर सगळ्यांचीच मर्यादा १२ मीटर. हॅवलॉकच्या जाहिरातींत झळकणारे डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज हे पाण्याखालचे खडक तिथेच बाद, कारण त्यांचा माथाच १२ मीटरच्या खाली आहे. फोटो बघून जागा ठरवली की नेमकं इथे फसतं: तिकिटं निघालेली असतात आणि रोज एक मोठा माणूस मुलांसोबत मागे राहतो.

मालवणात ज्याला सरसकट ‘स्कूबा’ म्हणतात ते बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांचं उतरणं असतं. मागून सिलिंडर धरून प्रशिक्षकच तुम्हाला फिरवतो, व्हिडिओ काढतो आणि वर आणतो. त्यात वाईट काही नाही. मुलाला तोंडाने श्वास घेणं जमतंय का, घाबरतंय का, हे विमानाचा खर्च करण्याआधी कळतं. तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत रीतसर कोर्सही होतो. पण किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ असलं की दिसतं ते काही मीटरच, आणि नवशिक्या मुलाला दोन हातांवर आई दिसेनाशी झाली की शिकवलेलं सगळं विसरायला होतं. नेत्राणीचं पाणी स्वच्छ असतं, पण बोटीचा प्रवास तासाभराहून जास्त आणि उतरायचं थेट खोल पाण्यात.

हे ‘थेट खोल पाण्यात’ प्रकरण मुलांसाठी सगळ्यात अवघड. पाण्यात १० मीटर गेलं की दाब दुप्पट होतो, कानातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं. पुढच्या १० मीटरला तो फरक बराच कमी असतो. म्हणजे कान दुखतात ते वरच्या चार-पाच मीटरमध्ये. त्यात मुलांची कानाची नळी अरुंद आणि आडवी, त्यामुळे दर अर्ध्या मीटरला थांबून नाक चिमटीत धरून कान मोकळे करावे लागतात. बोटीवरून दोर धरून उतरताना असं थांबणं मोठ्यांनाही नीट जमत नाही. हॅवलॉकच्या नेमो रीफवर किनाऱ्यावरून चालत जाता येतं: आधी गुडघाभर पाणी, मग छातीभर, मग गुडघे वाळूत टेकून बसता येईल असा उतार. कान अडला तर दोन पावलं मागे यायचं. आमच्यासाठी निर्णय इथेच झाला.

किनाऱ्यावरून उतरायचं म्हणजे भरती-ओहोटी आलीच. ओहोटीला तिथे पाणी दूर जातं आणि खडकाळ उथळातून सगळा सरंजाम घालून चालावं लागतं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून ‘रोज सकाळी आठला’ असं वेळापत्रक देणाऱ्या केंद्राला मी पुन्हा विचारलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, तिकडे चालत नाही. तिथलं भरतीचं कोष्टक वेगळं. पण पौर्णिमा-अमावास्येचं उधाण (मोठी भरती) आणि अष्टमीचा भांग (लहान भरती) हे तिकडेही तसंच. प्रवाह कमी हवा म्हणून कोर्सचे दिवस अष्टमीच्या आसपास धरले. महिना एप्रिल, कारण परीक्षा संपलेल्या असतात, समुद्र शांत असतो आणि पाऊस साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अंदमानात पोचत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बंगालच्या उपसागरात वादळं असतात, म्हणून ती टाळली.

मग डायव्हिंग केंद्रांना फोन. ‘किती वर्षांच्या मुलापासून घेता?’ यावर ‘काळजी करू नका, सहा वर्षांच्यालाही नेतो’ असं उत्तर आलं की ते नाव खोडलं. दुसरा प्रश्न सिलिंडरचा. नेहमीचा अ‍ॅल्युमिनियमचा ११ लिटरचा सिलिंडर रिकामाच सुमारे १४ किलो भरतो. तीस किलोच्या मुलाच्या पाठीवर तो चढवला तर पाण्याबाहेर उभंही राहता येत नाही. ७ लिटरचा साधारण १० किलोचा असतो, तो आहे का? एक्सएक्सएस मापाचं जॅकेट (सिलिंडर ज्याला अडकवतात आणि हवा भरून तरंगणं सांभाळतात ते), लहान माउथपीस, मुलांचा वेटसूट आहे का? ‘अ‍ॅडजस्ट करू’ हे उत्तर नाही. ढिलं जॅकेट पाण्यात कानांपर्यंत वर सरकतं आणि सिलिंडर मुलाला आडवं पाडतो.

वजनाचाही एक घोळ असतो. हवेलाही वजन असतं: ११ लिटरच्या सिलिंडरमधली १०० बार (बार हे दाबाचं एकक) हवा संपली की तो सव्वा किलोने हलका होतो. मोठ्या माणसाला हा फरक सांभाळता येतो, पण मूल डाइव्हच्या शेवटी आपोआप वर तरंगायला लागतं आणि वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा ५ मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा नेमका हुकतो. म्हणून खाली राहण्यासाठी अंगावर बांधायचे शिशाचे तुकडे भरलेल्या सिलिंडरवर ठरवायचे नाहीत, ५० बार उरलेले असताना तपासायचे.

काही कामं घरीच उरकून टाकली. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं या परीक्षा आणि पाण्याखाली मास्क काढून पुन्हा घालण्याचा सराव पुण्यातल्या जलतरण तलावात झाला. मुलं अडतात ती मास्कवरच. मास्क स्वतःचा घ्या: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढला की तो चिकटून राहिला पाहिजे. वैद्यकीय फॉर्मवर दमा, कान, सायनस अशा एखाद्या प्रश्नाला ‘हो’ असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते. ती निघण्याआधीच घ्यावी, बेटावर डॉक्टर शोधत बसू नये. सर्दी असेल तर डाइव्ह नाही. गोळी देऊन नेलं आणि खाली असताना तिचा असर उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, ते जास्त दुखतं.

चार डाइव्हचा कोर्स मोठे तीन-चार दिवसांत संपवतात. मुलांसाठी आम्ही पाच दिवस ठेवले. परतीचं तिकीट मात्र उलटं मोजत काढलं: अनेक दिवसांच्या डायव्हिंगनंतर विमानाआधी १८ तास हवेत. शेवटचा डाइव्ह सकाळी ११ ला संपवायचा, संध्याकाळच्या फेरीबोटीने पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ९ नंतरचं विमान धरायचं. मधल्या दुपारी उथळ पाण्यात स्नॉर्केलिंगला हरकत नाही.