तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ कशाला घाबरलं?

‘इतकी जुनी पुस्तकं तुम्हाला खरंच आवडतात, की वाचायला हवीत म्हणून वाचता?’ असं मला बरेचदा विचारतात. आवडतात. अगदी मनापासून.

होमर या प्राचीन ग्रीक कवीचं ‘इलियड’ हे महाकाव्य, ग्रीकांनी ट्रॉय शहरावर केलेल्या स्वारीचं. त्याचा सहावा सर्ग घ्या. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर लढाईतून घटकाभर शहरात आलाय. परत निघताना वेशीपाशी बायको भेटते. दाईच्या कडेवर त्यांचं तान्हं बाळ. तो हात पुढे करतो तर ते किंचाळून दाईच्या कुशीत शिरतं. डोक्यावरचं काशाचं शिरस्त्राण आणि वर हलणारा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून घाबरलंय बिचारं. आईबाप दोघंही हसतात. हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग बाळाला घेऊन झुलवतो. जवळजवळ 2,700 वर्षं जुनं काव्य, आणि ते जमिनीवर ठेवलेलं शिरस्त्राण मला आत्ता दिसतं.

पण लगेच पुढे तो देवांकडे काय मागतो? हा पोरगा मोठा होऊन शत्रूला मारो, त्याची रक्ताळलेली शस्त्रं घरी आणो आणि त्याच्या आईला आनंद होवो! मी गारच पडले. ‘माणूस तेव्हाही असाच होता’ असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. हा बाप आपल्यातला वाटतो, आणि दहा ओळींत तो पार परका होतो. मला या दोन्हींची ओढ आहे. नुसतं ओळखीचंच हवं असतं तर इतकं मागे कशाला गेले असते?

कंटाळा येतो का? येतो की! दुसऱ्या सर्गात ग्रीकांच्या जहाजांची लांबलचक यादी आहे, बेरीज केली तर 1,186 भरतात. तिथे अडकून मी पुस्तक मिटलं होतं, ते दोन वर्षं उघडलंच नाही. नंतर ती पानं सरळ उलटून पुढे गेले. पुढे कधीतरी परत आले तेव्हा वाटलं, ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी गावाचं नाव यात येत असणार, आणि तो सावरून बसत असणार.

ही काव्यं ऐकायची आहेत, हे मला फार उशिरा कळलं. शके 1212 मधल्या ज्ञानेश्वरीत नवव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. मनातल्या मनात वाचताना ज्या ओव्या अडत होत्या, त्या मोठ्याने म्हटल्यावर सुटायला लागल्या. अर्थ सगळा लागला नाही तरी चाल पुढे नेते. प्रस्तावना आणि टीपा मी शेवटी वाचते. भाषांतराचा संकोच तर अजिबात बाळगू नका.

सुरुवात कुठून करू, असंही विचारता. सहाव्या सर्गापासून करा, मोठ्याने वाचा. आणि हेक्टरने बाळाला झुलवल्यावर पुस्तक खाली ठेवावंसं वाटेल, तरी ती प्रार्थना वाचूनच ठेवा.