निरंकाच्या रकान्यामागे

आमच्या कचेरीत 'निरंक', म्हणजे 'कळविण्यासारखे काही नाही', हा शब्द फार लाडका आहे. साथरोग निरंक, माता मृत्यू निरंक, सर्पदंश निरंक. महिनाअखेरीस कागदावर हा शब्द उमटला की लिहिणारा सुटतो, तपासणारा सुटतो आणि वरचा अधिकारीही पुढच्या रकान्याकडे वळतो. तीन वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या मासिक आढावा सभेत हाच शब्द पडद्यावर पाहून मी पहिल्यांदा अडखळले. नंदुरबार जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राने 'अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जिवंत जन्मलेली बालके' या रकान्यात सलग तीन महिने निरंक कळविले होते. सभेत त्या केंद्राचे कौतुकच झाले.

मी तालुका आरोग्य कार्यालयात सनियंत्रण व मूल्यमापनाचे काम पाहते. पद कंत्राटी, म्हणजे आपले म्हणणे मांडताना दोनदा विचार करावा लागतो अशा जातीचे. तरीही हा आकडा पचेना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरात ज्या बालकांचे जन्मवजन नोंदलेले होते, त्यांतील सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोच्या आतली होती. आमच्याकडे सातपुड्याच्या पाड्यांवरील कितीतरी गरोदर बायका दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडात कोयता घेऊन उभ्या असतात, आणि रक्तक्षय व सिकलसेल यांचे प्रमाण कोणापासून लपलेले नाही. तिथे तीन महिन्यांत एकही बाळ कमी वजनाचे नाही, हे शुभवर्तमान असण्यापेक्षा कोठेतरी काहीतरी निसटत असल्याची खूण असण्याचाच संभव अधिक होता.

तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. "मॅडम, वाईट आकडे तपासता तपासता जीव जातो, तुम्ही चांगले तपासायला निघालात." मग जरा थांबून म्हणाले, "जाऊन या. पण नोटीस काढायला जाऊ नका, बघायला जा." यातील दुसरे वाक्य मी पहिल्या भेटीत विसरले, आणि त्याची किंमत मला जवळपास दोन महिने मोजावी लागली.

एका आकड्याचा प्रवास कसा होतो, हे इथे सांगणे आवश्यक आहे. घरी बाळंतपण झाले की आशाताई बाळाचे वजन करून आपल्या वहीत लिहितात. उपकेंद्राच्या आरोग्य सेविका ते आरसीएच, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या, नोंदवहीत उतरवून घेतात, महिन्याच्या शेवटी बेरजा मारून उपकेंद्राचा अहवाल तयार होतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डाटा एंट्री ऑपरेटर तो एचएमआयएस या सरकारी आरोग्य माहितीच्या पोर्टलवर भरतो. हे पोर्टल २००८ पासून चालू आहे. त्यावर फक्त संख्या जातात, नावे जात नाहीत. नावनिशीवार माहिती आरसीएच पोर्टलवर वेगळी भरावी लागते. म्हणजे एकच बाळ दोन वाटांनी वर जाते आणि वर पोहोचल्यावर ती दोन बाळे एकमेकांना ओळखत नाहीत.

पडताळणीची रूढ रीत सोपी आहे. नोंदवहीत स्वतः मोजलेल्या संख्येला अहवालातील संख्येने भागायचे. उत्तर ९० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान आले की अहवाल विश्वासार्ह धरला जातो. मी दोन दिवस बसून त्या केंद्राची तीन महिन्यांची जन्मनोंद मोजली. गुणोत्तर नेमके शंभर टक्के आले. आमचे वाहनचालक नाना बाहेर पायरीवर बसले होते; त्यांनी दारातूनच विचारले, "बठ्ठं बराबर शे ना, ताई?" मी मान डोलावली आणि परत नोंदवहीकडे पाहिले, तेव्हा कुठे लक्षात आले की मी एवढा वेळ फक्त ओळी मोजत होते, वजनाचा रकाना वाचलाच नव्हता. तो वरपासून खालपर्यंत वाचत गेले. २.५००, २.५००, २.६००, २.५००, २.५००, ३.०००, २.५००. अडीच किलोच्या आतले वजन म्हणजे कमी वजन, पूर्ण अडीच किलो म्हणजे नव्हे. आणि इथे बाळांमागून बाळे नेमकी त्या उंबरठ्यावर येऊन थांबली होती. नोंदवही आणि अहवाल यांचा ताळमेळ अचूक होता, कारण जे लिहिले होते ते इमानदारीने पुढे उतरविले गेले होते. बिघाड त्याच्याही आधी, पहिल्या वहीपाशी होता.

मग मी तेच केले जे करायला नको होते. लाल पेनाने अडीचच्या सगळ्या नोंदींभोवती गोल काढले आणि आशाताईंना एकेक करून समोर बोलावले. मी चोपडा तालुक्यातील, अहिराणी बोलणारी. आपली भाषा खानदेशात कोठेही निभावून नेईल असा माझा समज होता. तो समज डोंगर चढेपर्यंत टिकला. या पाड्यांवर पावरी आणि भिली बोलतात, आणि लाल गोल काढलेल्या वहीसमोर तर कोणतीच भाषा चालत नाही. सगळ्याजणी "वजन केलं, मॅडम" एवढेच म्हणत राहिल्या. पुढच्या भेटीला त्यांतील दोघी आल्याच नाहीत.

दुसऱ्या खेपेस मी पेन पिशवीतच ठेवले आणि एका आशाताईंबरोबर त्यांच्या गृहभेटीला निघाले. घरी बाळंतपण झालेल्या बाळाला पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट द्यायची असते. या सातही भेटींचे मिळून त्यांना अडीचशे रुपये मिळतात. गाडी नाल्यापाशी थांबली, पुढे पाऊण तास चढ. झोपडीत अंधार होता, म्हणून आशाताईंनी काटा दाराच्या आडव्या वाशाला दोरीने अडकविला, त्याला कापडी झोळी लावली आणि बाळ घेण्यासाठी त्या वळल्या. तेवढ्या क्षणात माझे लक्ष काट्याकडे गेले. झोळी रिकामी होती आणि सुई शून्याच्या पुढे, जवळपास दोनशे ग्रॅमवर उभी होती.

मी काही बोलले नाही. बाळ झोळीत ठेवले, सुई हलली, स्थिरावली. आशाताईंनी वाकून पाहिले आणि वहीत २.५०० लिहिले. सुई खरे तर अडीचच्या अलीकडे, एका बारक्या रेघेवर होती. त्या अंधारात ती रेघ मलाही नीट दिसली नसती, जर मी तेवढ्यासाठीच तिथे उभी नसते. वहीतून गळाले त्यातले अर्धे काट्याने गाळले होते आणि अर्धे डोळ्याने, किंवा सवयीने.

खाली येऊन उपकेंद्रात सिस्टरांसमोर आम्ही मिठाच्या एक किलोच्या दोन बंद पिशव्या झोळीत ठेवल्या. काट्याने दोन किलो दोनशे दाखविले. काट्याच्या डोक्यावरची कळ फिरवून, झोळीसकट सुई शून्यावर आणून पुन्हा तेच केले, तेव्हा दोन किलो आले. सिस्टर वयाने मोठ्या, निवृत्तीला थोडी वर्षे राहिलेल्या. त्यांनी पिशव्या उचलून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, काट्याचं तुम्ही शोधलं. बाकीचं मी सांगते. दोन किलो तीनशे लिहिलं की केंद्रातून फोन येतो, मग तालुक्यातून येतो, मग सभेत उभं करतात. अडीच लिहिलं की कोणाचाच फोन येत नाही." फोन करणाऱ्यांत मीही असायचे, हे त्यांनी सांगितले नाही, सांगण्याची गरजही नव्हती.

त्यानंतर सुधारणेचे जे काम झाले, त्यातील पहिला प्रयत्न माझ्या अतिउत्साहाने फसला. चौदा रकान्यांचा एक नमुना मी तयार केला, छापून वाटला, आणि महिन्याभरात तो जवळजवळ कोराच परत आला. तो रद्द केला. त्यानंतर जे टिकले ते अगदी साधे होते. दर महिन्याच्या आशा बैठकीला प्रत्येकीने आपला काटा सोबत आणायचा आणि मिठाच्या त्याच दोन पिशव्यांवर सर्वांसमोर तो तपासायचा. चुकलेला काटा बाजूला ठेवून त्याची नोंद करायची. एचएमआयएसमध्ये 'जन्मतः वजन केलेली बालके' असा स्वतंत्र रकाना असतो, पण आजवर तो कोणी गंभीरपणे भरत नव्हते. जन्मलेली जेवढी, तेवढीच वजन केलेली, असे डोळे झाकून लिहिले जाई. आता वजन न झालेले बाळ वजन न झालेले म्हणूनच दाखवायचे ठरले. या रकान्यांत 'निरंक' लिहिण्यास मनाई झाली. शून्य असेल तर शून्य लिहायचे आणि माहितीच नसेल तर रकाना मोकळा सोडून कारण लिहायचे, कारण 'घडले नाही' आणि 'कळले नाही' या दोन गोष्टी त्या एका शब्दात वर्षानुवर्षे गुपचूप एकत्र नांदत होत्या.

खरा बदल मात्र सभेत झाला, आणि तो घडविण्याचे श्रेय तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचे आहे. "तुमच्याकडे कमी वजनाची बालके इतकी का?" हा प्रश्न त्यांनी बंद केला. त्याऐवजी प्रत्येक बाळाबद्दल एवढेच विचारायचे: कांगारू पद्धतीने उबेत ठेवले का, दूध ओढते का, पुढची भेट कधी, आणि १८०० ग्रॅमच्या आत असेल तर विशेष नवजात शिशु काळजी कक्षात पाठविले का. प्रश्न बदलल्यावर पहिले दोन महिने कोणाचा विश्वास बसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या महिन्यापासून आकडे हलू लागले. त्या तिमाहीत या एका केंद्राने कमी वजनाची नऊ बालके कळविली. शून्यावरून नऊ. जिल्ह्याच्या तक्त्यात आमचा तालुका लाल झाला. नंदुरबार २०१८ पासून आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या म्हणून केंद्र सरकारने निवडलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि कमी वजनाच्या बालकांचे प्रमाण हा त्या कार्यक्रमातील मोजमापांपैकी एक आहे, त्यामुळे वरून विचारणा येणे अपरिहार्य होते. आली. 'सदर निर्देशांकात अचानक झालेल्या घसरणीबाबत तीन दिवसांत खुलासा सादर करावा.' मी दोन पानांचा खुलासा लिहिला: घसरण बालकांच्या वजनात झालेली नसून नोंद सुधारली आहे, काट्यांची तपासणी अमुक तारखेपासून चालू आहे, त्याची यादी सोबत जोडली आहे. खुलाशावर सही करण्यापूर्वी साहेबांनी तो दोनदा वाचला आणि 'घसरण' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढून समासात लिहिले, "हा शब्द आपला नाही." खुलासा गेला. त्याला उत्तर आले नाही, आणि आमच्या खात्यात उत्तर न येणे हे मान्यतेच्या बरेच जवळ असते.

स्थलांतराचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. अपेक्षित गरोदर मातांचे उद्दिष्ट लोकसंख्येला जन्मदराने गुणून आणि दहा टक्के गर्भपात वगैरेंसाठी वाढवून काढतात. पण दिवाळीनंतर अर्धा पाडा फडावर गेलेला असतो आणि होळीला परततो. फडावर जन्मलेले बाळ गुजरातच्या नोंदीत आहे की कोणाच्याच नाही, हे होळीपर्यंत कळत नाही. आशाताई जाण्यापूर्वी गरोदर बायकांची यादी करतात आणि परतल्यावर ती जुळवितात, एवढीच सोय सध्या आहे. पहिल्या भेटीत माझ्या लाल गोलांना कंटाळून निघून गेलेल्या दोघींपैकी एक आता ही यादी सर्वांत नीट ठेवतात. मागच्या होळीनंतर त्यांनी मला फोन केला, तोही स्वतःहून: फडावरून परतलेल्या एका बाईचे बाळ आठ दिवसांचे होते आणि वजन एक किलो सातशे. "काटा शून्यावर आणूनच केलं, मॅडम," असे त्यांनी आधी सांगितले, मग वजन सांगितले. १०८ ची गाडी नाल्यापर्यंतच आली. तिथपर्यंत बाळाला आईच्या छातीशी बांधून त्या स्वतः चालत आल्या. बाळ सतरा दिवसांनी घरी परतले.

या महिन्याच्या बैठकीत त्याच ताईंचा काटा दीडशे ग्रॅमने चुकीचा निघाला आणि कळ फिरवूनही सुधारेना. तो बदलून मिळावा म्हणून मागणी पाठविली आहे. तोवर शेजारच्या पाड्याच्या आशाताई आणि त्या मिळून एकच काटा वापरत आहेत, आणि नोंदवहीत समासाला तशी टीप आहे.